निरोप पोचवणारे

सरांनी पहिल्याच दिवशी माझ्यावर चोरीचा आळ घेतला. चोरी होती एक मीटर अंतराची.

मी तारापूरजवळच्या किनाऱ्यावरच्या गावातून पालघरला कॉलेजात नुकतीच आले होते. शाळेत असताना भालाफेकीत ठाणे जिल्ह्यात पहिली आले होते, त्याचं प्रमाणपत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खेळाच्या सरांना दाखवायला नेलं. सरांनी ते उजेडात धरलं, उलटं करून मागची बाजू पाहिली आणि विचारलं, "हे अंतर कोणी मोजलं?"

"पंचांनी."

"मोजताना तू तिथे होतीस?"

"मी फेकून परत येत होते."

"मग हे खरं आहे, असं तुला कोणी सांगितलं?"

सरांनी खोलीला कुलूप लावलं, ते दोनदा ओढून पाहिलं आणि मला मैदानावर नेलं. त्यांच्याकडे स्वतःची पोलादी टेप होती. कापडी टेप दमट हवेत ताणते म्हणून ते ती हातातही धरत नसत. मी तीनदा भाला फेकला. तिन्ही वेळा त्यांनी स्वतः वाकून मोजलं. सगळ्यात लांबची फेक प्रमाणपत्रापेक्षा मीटरभर कमी भरली. "एक मीटर कोणीतरी कुठून तरी उचललेला आहे," सर म्हणाले. "तू उचललेला नाहीस, असं सध्या धरून चालू."

ते 'सध्या' मला किती दिवस टोचत राहिलं.

पन्नाशी उलटलेला, उंच, सडसडीत माणूस. पांढरी पॅण्ट, कॅनव्हासचे बूट आणि दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ. स्पर्धेला गेले की यजमान कॉलेजचा चहा घेत नसत, पाणी घरून नेत. पाकीट बंद केल्यावर चिकटवलेल्या कडेवर पेनाची आडवी रेघ मारत, म्हणजे मधे कोणी उघडलं तर रेघ जुळणार नाही. त्यांच्या बायकोनं, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एकदा हसत सांगितलं होतं की लग्नात अंतरपाट धरल्यावर यांनी भटजींना विचारलं, मुहूर्ताची वेळ कोणाच्या घड्याळाप्रमाणे? भटजी म्हणाले, माझ्या. तर यांनी ते घड्याळ मागून घेतलं आणि कानाला लावून पाहिलं.

अशा माणसानं लोकांचा विश्वास मिळवून संघटना उभी करायची ठरवली होती, हीच मुळात गंमत होती.

कॉलेजात खेळणाऱ्या मुलामुलींची संघटना. पालघर, बोईसर, मनोर, एडवण, जिथून जिथून मुलं यायची तिथल्या सगळ्या खेळाडूंची. दर रविवारी सर एसटीनं किंवा सायकलवर निघत आणि सभासद करायला घरोघर जात. लोकांना ते काही केल्या उमजत नसे. दोन घड्याळं बांधलेला एक माणूस येतो, मुलीचं नाव, गाव, घराची खूण विचारतो, तिच्या पायाचा घोटा दाबून पाहतो आणि एक छापील फॉर्म पुढे करतो. मनोरकडे कोणी म्हणालं, हा मजुरांच्या ठेकेदाराचा माणूस. कोणी म्हणालं, निवडणुकीला उभा राहणार. बोईसरला नाक्यावरच्या चहावाल्यानं मला एकदा हळूच विचारलं, "मास्टरजी यूनियन बना रहे हैं क्या? बच्चों का यूनियन?" मी नाही म्हटलं, पण माझीच मला खात्री नव्हती.

आमच्या घरी सर आले तेव्हा बाबा अंगणात जाळं सांधत बसले होते. बाबा होडीवर जाणारे. लिहिता-वाचता जेमतेम यायचं, पण कागदाला मात्र फार घाबरायचे. आमच्या भावकीतल्या एकानं कधीतरी एका दलालाच्या कागदावर सही केली होती. रस्त्याला वाट सोडतो एवढंच त्यात आहे, असं त्याला सांगितलं होतं. वर्षभरात त्याची वाडी गेली. तेव्हापासून आमच्या घरात शाळेच्या सहलीच्या पत्रावरसुद्धा सही व्हायची नाही.

"मास्तर, वाचा तुमी. काय लिवलंय त्ये," बाबा म्हणाले.

सरांनी उभ्याउभ्या फॉर्म वाचला.

"पुना वाचा."

सरांनी पुन्हा वाचला. असं चार वेळा झालं. चौथ्या वेळी बाबांनी हातातली सुई थांबवली. "ह्यात लिवलंय, संगटनेचे नियम मान्य हायत. त्ये नियम कुटं हायत?"

सरांनी फॉर्मची मागची बाजू पाहिली. "नियम अजून केलेले नाहीत," ते म्हणाले. "सभासद झाले की सगळे मिळून करू."

"मंग जे नियम नाय, त्याला माजी पोरगी आत्ताच हो म्हनून कशी टाकंल?"

सरांनी फॉर्म डोळ्यांजवळ नेला. तो त्यांनीच लिहून, त्यांनीच छापून घेतला होता, पण त्या क्षणी ते त्याच्याकडे असे बघत होते जणू कोणी तरी तो त्यांच्या पिशवीत गुपचूप सरकवला होता. मग त्यांनी तो फाडला. पिशवीतला फॉर्मांचा गठ्ठा काढला आणि तोही फाडायला लागले. आई आतून धावत आली. तिला वाटलं, भांडण झालं.

मी त्यांना एसटीच्या थांब्यापर्यंत सोडायला गेले. मला वाटलं, सर रागावलेत. पण त्यांचा चेहरा उजळलेला होता. "तुझ्या वडिलांनी मला पकडलं," ते दोनतीनदा म्हणाले. "बरोबर पकडलं."

एसटीला उशीर होता. त्या थांब्यावर उभं असतानाच त्यांनी मला एका धावपटूची गोष्ट सांगितली. पुन्हा कधी तिचा उल्लेख केला नाही. डोंगराकडचा एक मुलगा, सरांच्या पहिल्यापहिल्या वर्षांतला. तो विद्यापीठाच्या संघासाठी निवडला गेला होता. तसं पत्र आलं आणि कोणाच्या तरी टेबलाच्या खणात पडून राहिलं. मुलगा वाट पाहून कामावर निघून गेला. सरांना पत्र सापडलं तेव्हा स्पर्धा होऊन दोन महिने झाले होते. "मी त्याला शोधत गेलो," सर म्हणाले. "कुठे गेला ते गावात कोणाला धड ठाऊक नव्हतं. त्याच्या घरापर्यंत गेलेला कॉलेजातला मी पहिलाच माणूस होतो. आणि मी उशिरा गेलो होतो."

पुढच्या सोमवारपासून संघटनेत कागद राहिला नाही. फॉर्म नाही, यादी नाही, ओळखपत्र नाही. सभासद व्हायच्या दोनच अटी राहिल्या. दुसऱ्या दोन सभासदांची घरं आपल्या पायांनी जाऊन पाहिलेली असली पाहिजेत, तिथे जेवलेलं आणि त्यांना आपल्या घरी जेवू घातलेलं असलं पाहिजे. आणि निरोप आला की तो दुसऱ्या दिवसाच्या आत पुढच्या घरी तोंडी पोचवायचा. सरांच्या लेखी सभासद म्हणजे निरोप पोचवणारा. तो किती लांब उडी मारतो हे नंतर.

माझ्या वाट्याला आलेल्या दोन घरांपैकी एक एडवणला होतं, नरेश नावाच्या व्हॉलीबॉल खेळणाऱ्या मुलाचं. तिथे काही अडचण आली नाही, ते आमच्यासारखेच दर्याचे लोक. दुसरं घर सुकरीचं.

सुकरी आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला होती. मनोरच्या पुढे, डोंगराच्या कुशीतल्या पाड्यावरची. लांब पल्ल्याची शर्यत पळायची, अनवाणी. सरांनी बूट दिले तर ते पिशवीत घालून पिशवी हातात धरून पळाली. मी तिच्या घरी पहिल्यांदा गेले तेव्हा तिच्या आईनं मला दारातच थांबवलं. "सुकं इकाया आली काय?" तिने विचारलं. किनाऱ्याची बाई पाड्यावर येते ती सुके बोंबील विकायलाच, दुसरं काय? मी म्हटलं, जेवायला आलेय. त्यावर ती जास्तच घाबरली. सुकरी पाणी घेऊन आली तेव्हा कुठे मला आत घेतलं.

मग सुकरी आमच्याकडे आली. आईनं तिला जेवायला वाढलं, प्रेमानं वाढलं, पण ओटीवर. पाण्याचा पेलाही वेगळा, माळ्यावरून काढलेला. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. सोमवारी सरांनी विचारलं, "जेवली?"

"हो सर."

"कुठे बसली होती?"

मी खाली पाहिलं.

"ही भेट धरली नाही," सर म्हणाले आणि निघून गेले. मी घरी येऊन आईशी भांडले. आई रडली, मग मी रडले. पुढच्या खेपेला सुकरी आली तेव्हा बाबांनी तिला हाताला धरून चुलीपाशी आपल्या शेजारी बसवलं. त्या रविवारी मी सभासद झाले.

सरांचा विश्वास मात्र आमच्यावरही नव्हता. साखळी चालते की नाही हे पाहायला ते खोटे निरोप सोडत. 'सोमवारी सकाळी आठ वाजता मैदानावर पांढरा रुमाल घेऊन यावे' असा निरोप यायचा. तीसचाळीस मुलं रुमाल घेऊन हजर व्हायची आणि सर फाटकाशी उभे राहून कोण किती वाजता आलं ते बघायचे. रुमालाचं काही काम नसायचं. कधी निरोप असायचा, 'वही उजव्या हातात धरावी.' कॉलेजातली बाकीची मुलं आम्हाला हसत. आम्हीही हसायचो. हळूहळू सगळ्यांनाच वाटायला लागलं की सरांकडून येणारा निरोप म्हणजे पोरखेळ.

संघटना पुढे फार टिकली नाही. तिला मान्यता कधी मिळाली नाही, कारण मान्यता कशाला द्यायची ते दाखवायला एक कागद नव्हता. सर निवृत्त होऊन गावी गेले आणि दोनेक वर्षांत साखळी तुटली. पण मला सांगायचंय ते आधीचं.

एके दिवशी प्राचार्यांनी मला बोलावून घेतलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "काही पालकांच्या तक्रारी आहेत. मुलींना लांब लांब पाठवतात म्हणे. नोंदवही नाही, यादी नाही. उद्या काही झालं तर मी काय उत्तर देऊ? तू हुशार मुलगी आहेस. तिथे काय काय बोलणं होतं ते मला येऊन सांगत जा."

मी हो म्हटलं. का म्हटलं, याचा मी पुढे बराच विचार केला. प्राचार्यांना नाही म्हणायची हिंमत नव्हती, हे एक. पण खरं म्हणजे मलाही सरांचा संशय येत होता. ज्याचा कोणावर विश्वास नाही, त्याच्यावर आपण का ठेवायचा? आणि तो एक मीटर मी विसरले नव्हते.

दर शनिवारी मी प्राचार्यांकडे जाऊन सांगायची. कोण कोण आलं, कुठून आलं. सर म्हणाले, सूचना फळ्यावर लागतच नाहीत, कारण फळा ऑफिसच्या आत आहे. सर म्हणाले, मुलींना कपडे बदलायला खोली नाही, त्या झाडाआड बदलतात. प्राचार्य ऐकून घेत. कधी कधी कपाळाला आठी पडे. सर माझ्याशी हल्ली जास्त बोलायला लागले होते, सभा संपली की मला थांबवून घेत. त्याचंही मला ओझं व्हायचं. मी खाली मान घालून ऐकायची आणि शनिवारी जाऊन सांगायची. त्या काळात फळा बाहेर व्हरांड्यात आला आणि जिन्याखालची खोली रिकामी करून मुलींना मिळाली. प्राचार्यांना सुचलं असेल, असं मला वाटलं.

दिवाळीनंतर सुकरीच्या घरचे वसईकडे वीटभट्टीवर गेले. दरवर्षी जायचे. त्या वर्षी तिच्या आईला ताप येत होता, हात कमी पडत होते, म्हणून सुकरीही गेली. परीक्षेला येते म्हणाली. मुंबईला लांब पल्ल्याच्या शर्यतीची निवड चाचणी पुढच्या महिन्यात होती, तोवर ती परत येणारच होती.

एका गुरुवारी सकाळी एडवणचा नरेश आमच्या दारात आला. धापा टाकत म्हणाला, "सरांचा निरोप हाय. चाचणी ह्याच रविवारी हाय, सकाळी सात वाजता. मुंबईला. सुकरीला भट्टीवर जाऊन सांगायचं. तुज्याकडं दिलंय."

मला हसू आलं. दोनच आठवड्यांपूर्वी रुमालाचा निरोप येऊन गेला होता. तरी मी कॉलेजात गेल्यावर प्राचार्यांना विचारलं. त्यांनी हेडक्लार्कला बोलावलं. हेडक्लार्क म्हणाले, असं कुठलंही पत्र आलेलं नाही, चाचणी पुढच्याच महिन्यात आहे. सर त्या दिवशी कॉलेजात नव्हते. संपलं. मी ठरवलं, हा पण खोटाच.

संध्याकाळी घरी जेवताना मी हे हसत हसत सांगितलं. वसईपर्यंत जायचं, भट्ट्यांमधून शोधत हिंडायचं आणि तिथून सुकरीला रुमाल घेऊन आणायचं! आई हसली. बाबांनी विचारलं, "रविवारी म्हनाला काय त्यो?"

"हो. पण ऑफिसात पत्रच नाहीये, बाबा."

बाबा जेवून उठले. दुसऱ्या दिवशी मी उठले तेव्हा ते घरात नव्हते. आईला वाटलं होडीवर गेले. होडी तर किनाऱ्यालाच होती. ते दिवेलागणीला परत आले, पायांवर लाल धूळ. "सांगून आलो," एवढंच म्हणाले.

"पण तुमचा तर सरांवर विश्वास नाही!"

"नाय," बाबा म्हणाले. "पन खोटा असंल तं माजा एक दिस गेला. खरा असंल तं त्या पोरीचं काय गेलं असतं?"

निरोप खरा होता. सर दर बुधवारी मुंबईला जाऊन विद्यापीठाच्या फळ्यावरची सूचना स्वतःच्या डोळ्यांनी वाचून येत. तारीख अलीकडे आल्याचं पत्र आमच्या कॉलेजातही आलेलं होतं. हेडक्लार्क खोटं बोलले नव्हते, त्यांनी ते पाकीट उघडलंच नव्हतं. रविवारी सुकरी पळाली आणि तिसरी आली. त्या वर्षी तिला राखीव म्हणून घेतलं, पुढच्या वर्षी ती संघात होती. आज ती एका आश्रमशाळेत खेळाची शिक्षिका आहे.

सोमवारी मी सरांच्या खोलीत गेले आणि सगळं एकदम सांगून टाकलं. निरोप मी नेला नाही, बाबांनी नेला. आणि दर शनिवारी मी प्राचार्यांना तुमच्या गोष्टी सांगते.

सर शांतपणे ऐकत होते. "शनिवारचं मला माहीत आहे," ते म्हणाले. "पहिल्या शनिवारपासून. मुलींना खोली कशी मिळाली, असं तुला वाटतं? दोन वर्षं मी अर्ज देत होतो. तू दोन शनिवारांत काम केलंस. प्राचार्यांपर्यंत पोचणारा माझ्याकडे दुसरा सभासद नव्हता."

हसावं की चिडावं कळेना.

"पण गुरुवारचं वेगळं," सर म्हणाले, आणि आता त्यांचा आवाज बदलला. "तुला संशय आला, यात काही चुकलं नाही. मी खोटे निरोप देतो, ती चूक माझी. ती मी आजपासून बंद केली. पण संशय आल्यावर तू घरी बसलीस. संशय आला की उठायचं असतं. आजपासून तू सभासद नाहीस."

त्यांनी मला पुन्हा कधी सभासद करून घेतलं नाही. माझी दोन घरं त्यांनी माझ्या बाबांना दिली. कधी कॉलेजाची पायरी न चढलेले, कुठला खेळ न खेळलेले बाबा खेळाडूंच्या संघटनेचे सभासद झाले आणि निरोप आला की जाळं खाली ठेवून निघायला लागले.

पुढच्या रविवारी मी वसईच्या भट्टीवर गेले. कोणी सांगितलं नव्हतं. दुपारचं ऊन होतं. सुकरी गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून साच्यात माती भरत होती. तिची आई, ताप उतरलेली पण अजून पांढरी पडलेली, सावलीत बसली होती.

मी सुकरीला सांगितलं, "तो निरोप मला आला होता. मी खरा मानला नाही."

तिने साचा आपटला, वीट खाली उतरवली. "मी बी मानला नसता," ती म्हणाली. "सर लय खोटं निरोप देत."

"मग गेलीस कशी?"

"तुजा बापूस एवड्या लांब खोटं बोलाया कशाला येल?" ती पुन्हा माती भरायला लागली. मग एकदम हसली. "नि सर पन आलते. तुला ठाव नाय? तुजा बापूस हितं उबाच व्हता, तवर सर आले. तुजा बापूस बोलं, 'मास्तर, तुमी कशाला आले? मी आलोय ना.' तं सर बोलं, 'तुम्ही आलात हे मला कोण सांगणार होतं?' दोघं मंग त्या थप्पीवर बसून रायले, मी कपडे बदलून येय तवर. एकमेकाशी बोलले पन नाय."

बाबांनी यातलं मला काही सांगितलं नव्हतं. सरांनीही नाही. मी त्या विटांच्या थप्पीकडे पाहत राहिले.

"बरं, आज काय निरोप हाय?" सुकरीनं विचारलं.

"काही नाही."

"निरोप नाय?" तिने हात थांबवला आणि सावलीकडे ओरडून सांगितलं, "आये, निरोप नाय म्हनते!"

तिच्या आईनं मान वर करून मला नीट न्याहाळलं. पाड्यावर पहिल्यांदा गेले होते तेव्हासारखंच.

"मंग आली कशाला?"

"अशीच," मी म्हटलं.

तिला ते पटलं नसावं. मग हातानं समोर वाळत घातलेल्या विटांच्या लांबच लांब ओळी दाखवल्या. "आली हाय तं त्या पलटव. ऊन हाय तवर."

मी चपला काढून ठेवल्या आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.